माझ्यासाठी थांबलेल्याला मी कड्यावरून ढकललं. हे बरोबर होतं का?

तिसरी_फेरी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण एक गोष्ट मनातून जात नाहीये.

मी 'फॉर ऑनर' खेळते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१७ साली आलेला तलवारबाजीचा गेम. नाइट, व्हायकिंग, सामुराई असे योद्धे. वार डावीकडून, उजवीकडून किंवा वरून येतो आणि अडवायचा तर आपलं शस्त्रही त्याच बाजूला धरावं लागतं. मी बहुतेक वेळा ब्रॉल खेळते, म्हणजे दोघांविरुद्ध दोघं. सुरुवातीला प्रत्येकासमोर एकेक जण येतो. एका जोडीचा निकाल आधी लागला की त्यातला जिंकलेला मोकळा होतो. नियमाने तो धावत जाऊन आपल्या जोडीदाराला मदत करू शकतो, दोघं मिळून उरलेल्या एकाला मारू शकतात. पण बरेच जण तसं करत नाहीत. बाजूला उभे राहतात आणि दुसरी लढत सरळ एकास एक संपू देतात. हे कुठेही लिहिलेलं नाही, कोणी शिकवत नाही, तरी चालत आलंय.

परवा दोन्ही बाजूंनी दोन-दोन फेऱ्या जिंकल्या होत्या, शेवटची बाकी. माझा जोडीदार लगेच पडला. त्याला मारणारा माझ्याकडे आला, पण शस्त्र न उगारता थोडा लांब उभा राहिला. मी त्याच्या जोडीदाराशी लढले आणि जिंकले. तेव्हा माझं आयुष्य पट्टीवर जेमतेम दिसेल एवढं उरलं होतं. मग तो पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि मी तयार होण्याची वाट बघत थांबला. त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर कडा होता. मी गार्डब्रेक मारला, म्हणजे त्याचा बचाव मोडून त्याला पकडलं, मग थ्रो केला, म्हणजे ढकललं. तो खाली गेला. जिंकले.

त्याने काही लिहिलं नाही. 'गुड फाइट' नाही, शिवी नाही. लॉबीतून निघून गेला.

माझं चुकलं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

सरळवार

अजिबात चुकलं नाही. कडा नकाशात आहे तो गेम बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवला म्हणून. गार्डब्रेक मोडता येतो, बरोबर वेळेला तेच बटण दाबलं की झालं. त्याला जमलं नाही किंवा तो गाफील होता. पाठ कड्याकडे करून उभं राहायचं नाही हा या गेमचा पहिला धडा आहे.

दोघांनी एकावर जायचं नाही, हेही मला पटत नाही. त्यासाठी गेमनेच 'रिव्हेंज' दिलाय. एकापेक्षा जास्त जण अंगावर आले की ते मीटर भरत जातं आणि भरलं की एकटा खेळाडूसुद्धा दोघांना भारी पडू शकतो. ज्या गोष्टीवर उतारा गेममध्येच आहे ती अन्याय कशी? न लिहिलेले नियम जो तो आपल्या सोयीने बनवतो आणि मग दुसऱ्यावर लादतो. मी फक्त लिहिलेले नियम मानतो. त्यामुळे निदान भांडण होत नाही.

काउंटरपॅरी

सरळवार, तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येतो.

मी फायटिंग गेमवाला. १९९१ ला 'स्ट्रीट फायटर २' आला तेव्हापासून एक तक्रार ऐकतोय: "थ्रो मारणं म्हणजे रडीचा डाव." जवळ जायचं, एक हलका फटका ब्लॉक करायला लावायचा आणि लगेच उचलून आपटायचं. हरलेला चिडतो, "लढ ना नीट!" म्हणतो. पण थ्रो काढून टाकला तर काय होईल बघा. ब्लॉक करून बसलेल्याला हलवायला काहीच उरणार नाही. फटक्याला ब्लॉक, ब्लॉकला थ्रो आणि थ्रोच्या तयारीत आलेल्याला पुन्हा फटका, असं ते चक्र आहे. एक कडी काढली की दोघंही ब्लॉक धरून एकमेकांकडे बघत बसतील. म्हणून "हे मला आवडत नाही" आणि "हे अन्यायाचं आहे" यात फरक करायला शिकावं लागतं. मला ते शिकायला दोन-तीन वर्षं गेली.

आता उरलेलं अर्धं. त्याच मालिकेतल्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'मध्ये अकुमा नावाचं छुपं पात्र आहे. गेममध्ये आहे, कोड टाकला की निवडता येतं. लिहिलेल्या नियमांत बसतं म्हणायला काही हरकत नाही. तरी स्पर्धांमध्ये त्याला बंदी असते. तो हवेतून आगीचे गोळे टाकतो आणि बहुतेक पात्रांकडे त्याला उत्तरच नाही. इथे गेम काय देतो ते कोणी विचारात घेतलं नाही. खेळणाऱ्यांनी आपसात ठरवलं की याच्यासमोर बसण्यात अर्थ नाही. आणि ठरवलं ते लढत सुरू होण्याआधी, हरल्यावर नाही.

माझ्या लेखी सगळी मेख या 'आधी'मध्ये आहे. तिसरी_फेरी, तुमच्यात आणि त्याच्यात काही ठरलं होतं का?

तिसरी_फेरी

तोंडी काही नाही. पण तो नमस्कार करून थांबला आणि मीही क्षणभर थांबले. त्याने माझं थांबणं 'हो' असं वाचलं असणार. मी थांबले ती कडा किती लांब आहे ते बघायला. हेच मला खुपतंय.

काउंटरपॅरी

मग थ्रो रास्त, कडाही रास्त. खुपतंय ते थांबणं. तुम्ही स्वतःच नेमकं बोट ठेवलंत, मी आणखी काय सांगू.

फक्त एक जोडतो, नाहीतर कोणाला वाटेल मी 'दया दाखवा' म्हणतोय. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, 'स्ट्रीट फायटर'च्याच 'थर्ड स्ट्राइक'मध्ये, जस्टिन वाँग चुन-ली हे पात्र घेऊन खेळत होता आणि समोर दाइगो उमेहाराचा केन होता. केनचं आयुष्य इतकं संपलेलं की नुसता ब्लॉक केला असता तरी त्यातून होणाऱ्या किरकोळ नुकसानीने तो गेला असता. वाँगने सुपर, म्हणजे खास जोरदार हल्ला टाकला, एकामागून एक पंधरा फटके. उमेहाराने पंधराच्या पंधरा पॅरी केले. पॅरी म्हणजे फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढे सारायची. वेळ चुकली की संपलं. ती लढत आजही लोक दाखवतात. समोरचा मरायला टेकलाय म्हणून वाँगने हात आखडता घेतला असता तर हे कोणाला बघायला मिळालं असतं? पूर्ण ताकदीने मारणं हाही समोरच्याचा मानच आहे.

पुरावा_हवा

"गेम देतो ते सगळं रास्त" यावर मला सरळवार यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन्ही काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेममधल्या.

२०१४ ची ड्रीमहॅक विंटर स्पर्धा. फ्नॅटिक विरुद्ध एलडीएलसी असे दोन संघ, उपांत्यपूर्व फेरी, नकाशा ओव्हरपास. फ्नॅटिकचे खेळाडू एकमेकांच्या डोक्यावर चढून अशा जागी पोचले की तिथून जवळजवळ सगळा नकाशा दिसायचा. मोठ्या पिछाडीवरून ते जिंकले. कोणतंही बाहेरचं सॉफ्टवेअर नव्हतं, गेममध्ये होतं तेच वापरलं. आयोजकांनी नकाशा पुन्हा खेळायला सांगितला, तेव्हा फ्नॅटिकने माघार घेतली. एलडीएलसी पुढे गेली आणि स्पर्धा जिंकली.

दुसरी गोष्ट २०२० ची. एका बगमुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकून राहायचा आणि प्रतिस्पर्धी कुठून येताहेत ते दिसायचं. प्रशिक्षकाने करायचं काय होतं? सामना थांबवून सांगायचं. कित्येकांनी नाही सांगितलं. त्या सप्टेंबरमध्ये ई-स्पोर्ट्समधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या ईएसआयसी या संस्थेने ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली. ज्यांनी आपणहून कबूल केलं त्यांची शिक्षा कमी केली. यातल्या कोणी काही 'हॅक' केलं नव्हतं. गप्प राहिले, एवढंच.

सरळवार

प्रशिक्षकांचं पटलं. लपवावं लागतं तिथे आपल्यालाही माहीत असतं. ओव्हरपासबद्दल मात्र अजून मन मानत नाही. जागा शोधणं हाही कौशल्याचा भाग आहे. मात्र वाचताना लक्षात आलं ते लिहितो: "गेममध्ये आहे" आणि "गेम बनवणाऱ्यांना गेममध्ये हवं होतं" या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो. कडा हवा होता म्हणून आहे. ती जागा चुकून राहिली होती.

माइकबंद

नमस्कार, थ्रो वगैरेवर मी बोलणार नाही, पाच-पाच जणांचे शूटर, म्हणजे बंदुकांचे गेम खेळते. माझ्याकडे प्रश्न वेगळा आहे आणि तो समोरच्या टीमचा नसून माझ्याच टीमचा आहे.

अशा गेममध्ये अर्धं काम कानाने होतं. मागच्या जिन्यावरून दोघं येताहेत हे मला दिसलं तर ते एका सेकंदात चौघांना कळायला हवं. मी माइक सुरू केला आणि आवाज बाईचा निघाला, की पुढच्या दहा मिनिटांत काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिणार नाही. म्हणून मी टाइप करते. 'मागचा जिना दोन' एवढं टाइप होईपर्यंत आमचे दोन गडी पडलेले असतात. मग चॅटमध्ये विचारतात, "सांगितलं का नाहीस?"

म्यूट करा, रिपोर्ट करा, हा सल्ला मला ठाऊक आहे. म्यूट केलं की त्याची शिवीही बंद आणि त्याने दिलेली खबरही बंद. म्हणजे शिक्षा मलाच. वाकून केलेला नमस्कार, 'जीजी' (गुड गेम), हे सगळं छानच आहे, पण ज्यांना बोलायचीच चोरी आहे त्यांच्यापर्यंत खिलाडूवृत्तीची चर्चा पोचतच नाही.

एकदाच असं झालं की माझ्यावर सुरू झालेलं बघून टीममधला एक अनोळखी मुलगा म्हणाला, "तिच्या कॉलवर खेळू या." एवढंच. तावातावाने कोणाशी भांडला नाही, मला सांभाळून घेतोय असा आवही नव्हता. पुढच्या फेरीत मी डावीकडे म्हटलं, चौघं डावीकडे गेले. तो सामना आम्ही हरलो, तरी मला तो अजून आठवतो.

तिसरी_फेरी

माइकबंद ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या गेममध्ये बोलणं ठरलेल्या चार-पाच वाक्यांत होतं, त्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

काउंटरपॅरी

+१. कंपन्यांना यातलं थोडं जमलंय. 'ओव्हरवॉच'मध्ये २०१६ ला कोणी 'जीजी ईझी' (म्हणजे 'सोपं होतं' असा टोमणा) टाइप केलं की त्याच्या नावाने भलतंच वाक्य छापलं जायचं, "माझी झोपायची वेळ झाली, आईला सांगू नका" अशा धर्तीचं. २०१८ ला चांगल्या वागणुकीची पावती देण्याची सोय आली. त्याआधी २०१२ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स'ने 'ऑनर' आणलं होतं. पण आवाजावर वाक्य बदलता येत नाही. तिथे तो "तिच्या कॉलवर खेळू या" म्हणणाराच लागतो.

जुनी_चूक

हा प्रतिसाद लिहू की नको करत तीन दिवस घालवले.

मी चौदा वर्षांचा असताना सात-आठ महिने वॉलहॅक वापरला आहे. भिंतीपलीकडचे लोक रंगीत आकृत्यांसारखे दिसतात. सुरुवातीला वाटलं, "फक्त बघायचं, वापरायचं नाही." मग बघितलेलं न वापरणं अशक्य आहे हे कळलं. कोपऱ्यावर कोणी आहे हे माहीत असताना नाही असं समजून चालता येतच नाही, पाय आपोआप थांबतो. सगळ्यात जास्त मेहनत मी नाटकात घातली. रिकाम्या कोपऱ्यांकडेही बंदूक रोखायची, अधूनमधून मुद्दाम चुकायचं, कोणाला शंका येऊ नये म्हणून.

एका मुलाशी माझी सारखी गाठ पडायची. तो हरला की प्रत्येक वेळी विचारायचा, "कसं कळलं मी तिथे होतो?" चिडून नाही, त्याला शिकायचं होतं. मी सांगायचो, "पावलांचा आवाज आला." तो पुढच्या वेळी हळू चालायचा. तरी मारायचो. मग तो जागा बदलायचा, तरी मारायचो. त्याने बिचाऱ्याने स्वतःचा सगळा खेळ बदलला, जे बरोबर होतं तेही बदललं. एक दिवस म्हणाला, "मला हा गेम जमत नाही बहुतेक," आणि परत दिसला नाही.

पुढे बॅन झालो. दुसऱ्या अकाउंटवर काही न लावता खेळायला बसलो तेव्हा कळलं, मला काहीच येत नव्हतं. ते वाईट वाटलं, पण त्या मुलाचं जास्त. मी त्याचे पॉइंट घेतले हे किरकोळ. तो का हरतोय याचं खरं कारण मी त्याच्यापासून लपवलं.

पुरावा_हवा

जुनी_चूक, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी दुसऱ्या बाजूला होतो. २०१३ पासून काउंटर-स्ट्राइकमध्ये अनुभवी खेळाडूंना संशयितांच्या खेळाचं चित्रण तपासायला मिळायचं. नावं लपवलेली, तो फक्त 'संशयित'. काही फेऱ्या बघायच्या आणि निकाल द्यायचा: निःसंशय दोषी किंवा पुरावा अपुरा. मी शेकड्याने तपासले. वॉलहॅकवाला मारताना नाही पकडला जात. मारायच्या आधी पकडला जातो. भिंतीपलीकडे एक जण डावीकडून उजवीकडे चाललाय, आणि त्या कोऱ्या भिंतीवरून याची नेम धरायची खूण त्याच वेगाने सरकतेय. तो थांबला की खूणही थांबते. एकदा योगायोग असेल. सलग तीन फेऱ्यांत असं दिसलं की हात आपोआप 'दोषी'कडे जातो.

आणि तुम्ही सांगितलेलं ते मुद्दाम रिकाम्या कोपऱ्यात बघणंही ओळखू येतं. खरा खेळाडू रिकाम्या कोपऱ्याकडे धास्तीने बघतो. माहीत असलेला माणूस तिथे उगाच पाव सेकंद जास्त रेंगाळतो.

पण कित्येकदा मी 'पुरावा अपुरा' दिला आणि नंतर शंका मनात ठेवून बसलो. चांगला खेळतो म्हणून कोणालाही चीटर म्हणायची जी सवय लागलीय तीसुद्धा अन्यायच आहे. हरलो की पहिला शब्द 'हॅकर'. रिपोर्ट करायचं बटण राग काढायला नाहीये.

नवशिक्या_७

पुढे लिहिणाऱ्यांनी मला समजून घ्यावं, मी अजून खालच्या रँकवर आहे. जुनी_चूक यांच्या गोष्टीतला तो मुलगा म्हणजे मी असं वाचताना वाटत होतं, फक्त माझ्या समोर चीटर नव्हते, स्मर्फ होते. मुरलेले खेळाडू, नवं अकाउंट काढून आमच्यात येतात. पहिल्या आठवड्यात मी एकाच माणसाकडून एकाच सामन्यात चौदा वेळा मेलो. त्याने कोणताही नियम मोडला नाही. मला इतकंच कळलं की काहीतरी येतं आणि मी मरतो.

काउंटरपॅरी

तो नियम मोडतच होता. रँक कशासाठी असते? बुद्धिबळातल्या एलो गुणांपासून ही कल्पना आली. जिंकलात की वर, हरलात की खाली, आणि ताकदीने बरोबरीचा माणूस समोर येतो. स्मर्फ त्या यंत्रणेला खोटं सांगतो. 'डोटा २'मध्ये वाल्व्हने (काउंटर-स्ट्राइक बनवणारी कंपनीही तीच) २०२३ च्या सप्टेंबरात ९०,००० स्मर्फ अकाउंट बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या मूळ अकाउंटनाही जबाबदार धरू म्हणून सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत चीटरांसाठी सापळा लावला होता. गेमच्या डेटामध्ये एक भाग असा ठेवला की सरळ खेळणाऱ्याचा गेम तो कधी वाचणारच नाही. ज्यांच्या सॉफ्टवेअरने वाचला ते सापडले, ४०,००० च्या वर.

नवशिक्या, चौदा वेळा मरणं तुमच्या खेळाबद्दल काहीच सांगत नाही. ते मोजूच नका.

सरळवार

आता मी जरा वेगळं लिहितो. जुनी_चूक यांचं शेवटचं वाक्य वाचून मी माझ्या यादीतल्या गोष्टी पुन्हा तपासल्या: हरणाऱ्याला कळतं का, आपण का हरलो?

कडा: कळतं. थ्रो: कळतं. दोघांनी एकाला मारणं: कळतं. वॉलहॅक, प्रशिक्षकाचा बग, स्मर्फ: नाही कळत. मुद्दाम इंटरनेट तोडून-जोडून लॅग आणणारे: नाही कळत, पडद्यावर तो एका जागी आणि सर्व्हरवर भलतीकडे. लिहिलेले नियम हीच माझी फूटपट्टी होती, पण ही जास्त उपयोगाची निघाली.

कीबोर्डचं काय करायचं ते मात्र अजून सुटत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळताना गोळी भरकटते, म्हणून नेम धरायचा तर उलट दिशेची कळ दाबून जागीच थांबावं लागतं. एक बोट उचलायचं आणि त्याच क्षणी दुसरं टेकवायचं. हे बोटांत बसायला मला कित्येक महिने लागले. २०२४ ला असे कीबोर्ड आले की नंतर दाबलेली कळ आधीचीला आपोआप रद्द करते. म्हणजे बोट उचलायला उशीर झाला तरी चालतं. ऑगस्टमध्ये वाल्व्हने आपल्या सर्व्हरवर ते बंद केलं. मला आनंद झाला. पण चांगला मॉनिटर मीही विकत घेतलाच आहे, त्यानेही समोरचा मला थोडा आधी दिसतो. त्याला मी अन्याय म्हणत नाही. का म्हणत नाही, ते नीट सांगता येत नाही.

माइकबंद

सरळवार, तुमच्या फूटपट्टीत माझं कुठे बसतं? मी का हरते हे मला चांगलं कळतं.

सरळवार

नाही बसत. बरोबर आहे तुमचं. माझी फूटपट्टी समोरच्या टीमपुरती आहे. आपल्याच टीममधल्या माणसाशी कसं वागायचं याला ती लागू पडत नाही. पुढच्या वेळी माझ्या टीममध्ये असं झालं तर मी गप्प बसणार नाही, एवढं नक्की. आजवर बसलोय.

तिसरी_फेरी

सगळ्यांचे आभार. पुढे काय झालं ते सांगते.

'अलीकडचे खेळाडू' या यादीत त्याचं नाव होतं. मेसेज केला: "तू थांबला होतास, मी त्याचा फायदा घेतला. कड्याबद्दल माफी नाही मागत, थांबायचं सोंग केलं त्याची मागते." दोन दिवस उत्तर नाही. काल आलं. लिहिलं होतं, "पाठ कड्याकडे करायची नाही हे मला माहीत होतं. खेळायचं का?"

खासगी लॉबीत दहा डुएल, म्हणजे एकास एक लढती खेळलो. मी सात हरले. माझा गार्डब्रेक तो दरवेळी मोडत होता. विचारलं कसं, तर थांबून दाखवलं: माझा खांदा हलला की लगेच बटण दाबायचं नाही, हात पोचेपर्यंत धीर धरायचा. मी दहा-बारा वेळा घाई केली, मग एकदा जमलं.

शेवटच्या डावात दोघांनी नमस्कार केला. या वेळी मी खरंच थांबले, तोही थांबला. मग त्याने माझा वार पॅरी केला, गार्डब्रेक मारला. मी मोडायला गेले, परत घाई झाली. माझ्या मागे कडा होता.

खाली पडतापडता 'गुड फाइट' दाबलं. त्याचंही त्याच वेळी आलं.